मुलांना स्वच्छतेच्या सवयी लावताना टॉर्च, सेन्सर आणि मोबाइल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये हात धुण्याचे, दात घासण्याचे प्रयोग घेताना शिक्षक, सेविका आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. शेजारच्या सातारा जिल्ह्यातले प्रश्नही फारसे वेगळे नसतात.

इंटरॅक्टिव्ह तंत्रज्ञान म्हणजे नक्की काय? आमच्या शाळेत तर एकच टीव्ही आहे.

मुलानं काहीतरी केलं आणि त्यावर समोरून लगेच उत्तर आलं, एवढं पुरेसं आहे. हात नळाखाली धरला की दिवा लागणं, चुकीचं चित्र निवडलं की गोष्टीतल्या पोराच्या पोटात दुखायला लागणं, टॉर्च मारला की न धुतलेली जागा चमकणं, हे सगळं त्यात आलं. नुसता व्हिडिओ लावून दिला तर तो कितीही रंगीत असला तरी त्यात येत नाही. पण बाई तोच व्हिडिओ मध्येच थांबवून "आता ही काय करायला विसरली?" असं विचारतात, तेव्हा तुमचा तो एकच टीव्ही पुरतो.

आपल्या भागाला ही रीत नवी नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना थेट प्रश्न विचारायचे. उत्तर समोरच्यांकडूनच वदवून घ्यायचे. ऐकणारा गप्प बसून राहिला तर शिकत नाही, हे त्यांना कोणत्याही उपकरणाशिवाय कळलेलं होतं.

मुलांना हात धुण्याच्या पायऱ्या तोंडपाठ आहेत, तरी खिचडीच्या सुट्टीत तशीच पळत येऊन ताटावर बसतात. असं का?

कारण माहिती असणं वेगळं आणि सवय असणं वेगळं. "जेवणाआधी काय करायचं?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात उत्तर देतो. घंटा झाली की मात्र पोटातली भूक आणि रांगेतला नंबर एवढंच डोक्यात असतं. तिथं भाषण उपयोगी पडत नाही. नळाच्या वाटेवरच काहीतरी असं हवं, की जे मुलाला न बोलता तिकडे ओढेल.

यावर बांगलादेशातल्या ग्रामीण शाळांमध्ये झालेला एक अभ्यास प्रत्येक मुख्याध्यापकांना सांगावासा वाटतो. शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत रंगीत पायवाट आणि पावलांचे ठसे काढले, आणि नळाजवळ हाताच्या पंजांचे ठसे रंगवले. आधी शौचालयातून आल्यावर साबणानं हात धुणारी मुलं जेमतेम ४ टक्के होती. रंगकामाच्या दुसऱ्या दिवशी ती ६८ टक्क्यांवर गेली आणि सहा आठवड्यांनी ७४ टक्के झाली. त्यासाठी ना भाषण लागलं, ना तक्ता.

म्हणून आमचा आग्रह असा, की यंत्र, रंग, आवाज जे काही वापरायचं ते नळाजवळ वापरा. वर्गातल्या पडद्यावर शिकलेली गोष्ट नळापर्यंत पोचेलच असं नाही. साबणानं हात धुण्यानं जुलाबाचे आजार साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. पण तो फायदा प्रत्यक्ष धुतलेल्या हातांचा आहे.

तो हळदीचा प्रयोग कसा करायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि आमच्या जवळचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

परदेशात यासाठी अंधारात चमकणारी खास लोशनं विकत मिळतात. आपल्याला त्यांची गरज नाही. हळदीतला कर्क्युमिन हा घटक तेलात विरघळला आणि त्यावर नोटा तपासायच्या निळ्या-जांभळ्या टॉर्चचा उजेड पडला, की हिरवट-पिवळा चमकतो. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती इथल्या प्रत्येक घरात डब्यात असते. एखादा प्रयोग आपल्या मातीतून उगवावा असा हा प्रयोग आहे.

चमचाभर खोबरेल तेलात दोन चिमूट हळद कालवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. गाळ खाली बसला की वरचं पिवळं तेल घ्या. प्रत्येक मुलाच्या तळहातावर एक-दोन थेंब द्या आणि दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांत, नखांभोवती नीट चोळायला सांगा. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार करा. टॉर्च मारला की सगळ्यांचे हात चमकतात आणि वर्गात एकच गलका होतो. तो होऊ द्या.

मग अर्धी मुलं नुसत्या पाण्यानं हात धुऊन येतात, अर्धी साबणानं. पुन्हा अंधार, पुन्हा टॉर्च. पाण्यानं धुतलेले हात जवळपास तसेच चमकत असतात, कारण तेल पाण्याला दाद देत नाही. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून मळ सुटून वाहून जातो. पाचवी-सहावीच्या मुलांना हे सांगितलं की लगेच पटतं, कारण त्यांनी ते नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

खरी शिकवण मात्र साबणवाल्या हातांत दडलेली असते. तळवे स्वच्छ दिसतात. पण अंगठ्याचं मूळ चमकतं, नखांच्या कडा चमकतात, करंगळीच्या बाजूची रेघ चमकते, मनगटावरच्या सुरकुत्या चमकतात. मूल स्वतःच हात उलटसुलट करून बघतं आणि काही न सांगता पुन्हा नळाकडे जातं. सरळ तळवा, उलटा तळवा, बेचक्या, मूठ, अंगठा, नखं, मनगट या पायऱ्या आपण वर्षानुवर्षं पाठ करून घेतो. त्यातला अंगठा का आहे, ते मुलाला या क्षणी कळतं.

एक जोडप्रयोगही आहे. वडीचा साबण अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो हळदीला लागला की ती लालसर होते. हात चोळताना जिथं लाली आली नाही तिथं साबण पोचला नाही, हे टॉर्चशिवायही दिसतं. बाटलीतल्या हँडवॉशनं असं होईलच असं नाही, त्यामुळे या प्रयोगाला वडीच घ्या. हळद भेसळीची किंवा रंग घातलेली असेल तर दोन्ही प्रयोग फसतात. घरी दळलेली घ्या.

शेवटी मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची : चमकली ती हळद, जंतू नव्हेत. जंतू कुठल्याच टॉर्चमध्ये दिसत नाहीत. हळद जिथं राहिली तिथं जंतूही राहू शकतात, एवढंच हा प्रयोग सांगतो. हे सांगितलं नाही तर पुढं एखादं मूल टॉर्चमध्ये काही चमकत नाही म्हणून हात न धुताच जेवायला बसेल.

पालकांना आदल्या दिवशी निरोप द्या, की नखं एक-दोन दिवस पिवळी राहतील आणि गणवेशाला डाग पडू शकतो. हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिका पडतो.

तो टॉर्च मुलांच्या डोळ्यांना चालतो का?

डोळ्यांत मारायचा नाही, मुलांच्या हातात द्यायचा नाही. बाईंनी किंवा सरांनी धरायचा आणि उजेड फक्त हातांवर टाकायचा. घेताना त्यावर ३९५ नॅनोमीटर लिहिलेलं पाहा. जंतू मारण्यासाठी म्हणून विकले जाणारे यूव्ही-सी दिवे या कामाला कधीही वापरू नका. त्यांनी त्वचा आणि डोळे भाजतात.

दात घासण्यासाठी एखादं चांगलं ॲप सुचवा.

कॅमेऱ्यासमोर ब्रश फिरवला की पडद्यावरचे जंतू पळतात, अशी ॲप्स आहेत. २०२० मध्ये आलेलं पोकेमॉन स्माईल हे त्यातलं एक. मुलांना मजा येते, पण ते मराठी बोलत नाही आणि रोज सकाळी फोन बेसिनजवळ न्यावा लागतो. आमच्या अनुभवात आजीच्या आवाजातलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग जास्त दिवस टिकतं. "आता डावीकडच्या वरच्या दाढा… आतून घे, आतून… आता जिभेवरनं हळू" असं आजी बोलत राहते आणि मूल तिच्यामागं जातं. आजी कडेगावात आणि नातू पुण्यात असला तरी हे जमतं.

पेस्ट किती, हेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये घाला. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी लागत नाही. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची आहे आणि घराघरांत तीच राहून जाते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकवर्गणीतून मोठं डिजिटल पॅनेल आलं आहे. त्यावर काय करता येईल?

तयार खेळ शोधत बसू नका. मुलांनाच खेळ बनवू द्या. स्क्रॅच ही मोफत प्रणाली आहे. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत बसवले की चित्र हलतं, बोलतं. सहावी-सातवीच्या मुलांनी पहिली-दुसरीसाठी गोष्ट करायची. पात्रांना आपल्या गावची नावं, मागं आपल्याच शाळेचं नळकोंडाळं फोटो काढून लावलेलं, आणि आवाज मुलांचे स्वतःचे. "आरं तसाच कुठं चाललास? हात बघ की!" असं ओळखीच्या दादाच्या आवाजात पॅनेलमधून आलं, की लहान पोरं खुदकन हसतात आणि लक्षात ठेवतात.

खेळ बनवणाऱ्या मुलांना प्रत्येक वळणावर ठरवावं लागतं, की हात न धुता बोरं खाल्ली तर पुढं काय होईल आणि किती वेळानं होईल. ते ठरवण्यासाठी ती आरोग्यसेविका ताईंना विचारून येतात. खरा अभ्यास तिथं होतो. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवर नेतात, तिथलं साहित्य गोष्टीला आधार म्हणून घ्या.

सेन्सरचा नळ किंवा साबणाचं यंत्र शाळेत बनवता येतं का?

येतं. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत सहावीच्या पुढची मुलं हे करू शकतात. हाताचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक मायक्रोबिट किंवा तसाच छोटा बोर्ड, एक बझर आणि दिव्यांची पट्टी एवढं लागतं. सेन्सर आवाजाची लाट सोडतो आणि ती हातावर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो. हात जवळ आला की २० सेकंद एकेक दिवा लागत जातो, शेवटी बझर वाजतो. सगळं बॅटरीवर चालवा. नळाजवळ घरच्या विजेची वायर अजिबात नको.

पण हा सेन्सर साबण लावला की नाही ते ओळखत नाही. नुसता हात धरून उभं राहिलं तरी दिवे लागतात, आणि ही युक्ती मुलांना पहिल्याच दिवशी सापडते. म्हणून सेन्सर साबणाच्या बाटलीच्या दांडीला लावणं जास्त शहाणपणाचं. पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत संशोधकांनी असंच केलं होतं. साबण दाबला की आतला सेन्सर वेळेची नोंद करायचा. रात्रीच्या जेवणाआधीची वेळ धरून सवय लावली गेली, आणि बक्षिसं बंद झाल्यावरही सवयीचा काही भाग टिकून राहिला. ठरलेल्या वेळेला बांधलेली सवय टिकते, हा त्यातला आपल्या कामाचा मुद्दा. शाळेत ती वेळ म्हणजे खिचडीची घंटा.

यंत्र नसेल तर बेचा आणि तीनचा पाढा ठेक्यात म्हणत हात चोळायचे. तेवढ्यात २० सेकंद होतात आणि पाढेही पक्के होतात.

आमच्याकडे जत-आटपाडीत उन्हाळ्यात टँकर येतो. हात धुवायला पाणी कुठलं आणायचं?

टिपी टॅप करा. पाच लिटरचा रिकामा कॅन दोन मेढींमध्ये आडव्या काठीला टांगायचा, झाकणाच्या बाजूला खिळ्यानं भोक पाडायचं, आणि दोरीनं खाली पायाशी दुसरी काठी बांधायची. काठीवर पाय दिला की कॅन कलतो आणि बारीक धार पडते, पाय काढला की बंद. तांब्यानं धुतलं तर वाहून जातं त्यापेक्षा कितीतरी कमी पाण्यात हात निघतात, आणि धुतलेल्या हातानं कशाला शिवावंही लागत नाही. झिंबाब्वेत १९८०च्या दशकात ही युक्ती निघाली आणि ती माण-खटावातही तितकीच चालते. मुलाला पायानं चालवायला मिळतं, म्हणजे हे इंटरॅक्टिव्हच झालं. खाली पडणारं पाणी एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडा.

ऊसतोडीच्या कोप्यांवर मुलं असतात. तिथं ना वीज, ना स्मार्टफोन.

गाळप हंगामात ही मुलं चार-पाच महिने इथंच असतात आणि बऱ्याचदा कुठल्याच शाळेच्या पटावर नसतात. त्यांच्यासाठी चार्ज करून नेलेला एक ब्लूटूथ स्पीकर आणि मेमरी कार्डमधल्या छोट्या गोष्टी पुरतात. गोष्ट मध्येच थांबते, ताई विचारते, मुलं ओरडून सांगतात, पुढं सुरू होते. गोष्टी त्यांच्या बोलीत असू द्या. बीडकडच्या मुलाला सांगलीचा हेल परका वाटतो, म्हणून शक्य झालं तर त्यांच्यातल्याच एखाद्या मोठ्या बहिणीचा आवाज रेकॉर्ड करा. आणि जाताना साबण घेऊन जा. साबण घ्यायची ऐपत नसलेल्या घरात साबणाची गोष्ट ऐकवून परत येणं बरोबर नाही.

पुराच्या दिवसांत काय सांगायचं?

ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा महापूर पाहिलेल्या घरांना जास्त सांगावं लागत नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकण्याऐवजी शाळेतल्याच एका मुलीच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप पाठवा : पाणी खळखळून उकळून प्या, पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका, चिखल काढून आल्यावर साबणानं हातपाय धुवा. जखमेतून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा गंभीर आजार होऊ शकतो. पुराच्या पाण्यात गेलेल्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि पाण्यात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

यानं स्क्रीनचा वेळ वाढणार नाही का?

वाढू देऊ नका. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वयात दोन तासांच्या आत. अंगणवाडीत आवाज, टॉर्च, रंगीत पावलं यांवर भागवा.

मुलांना गुण, स्टार, रोजचा पहिला-दुसरा नंबर दिला तर?

सगळ्या वर्गाचा मिळून एक तक्ता करा, मुलांचे वेगवेगळे नंबर काढू नका. ज्याच्या घरी नळ नाही, एकच गणवेश आहे, आई पहाटेच मजुरीला जाते, ते मूल या शर्यतीत रोज शेवटी येणार. "अस्वच्छ" हा शिक्का आपल्या समाजात कुणाकुणावर आणि कशासाठी मारला गेला, हे आपल्याला ठाऊक आहे. मॉनिटरनं उभं राहून नखं तपासणं आणि पडद्यावर लाल रंगात नाव झळकवणं यात फरक इतकाच, की पडद्यावरच्या नावाचा फोटो काढून पसरवता येतो. यंत्रानं मुलाला त्याचा हात दाखवावा, तो चारचौघांत दाखवू नये.

सहावी-सातवीतल्या मुलींना पाळीबद्दल यातून शिकवता येईल का?

नक्की. तोंडानं विचारायला लाज वाटते ते निनावी विचारता येतं, हा इथे तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा उपयोग. शिक्षिकेनं निनावी ऑनलाइन फॉर्म करून त्याचा क्यूआर कोड मुलींच्या शौचालयात लावावा आणि आठवड्यातून एकदा सगळ्या प्रश्नांची उत्तरं वर्गात द्यावीत. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी शेजारी कुलूपबंद पेटी हवीच. पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावं, कापड साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवावं, या साध्या गोष्टीही अनेकींना कुणी सांगितलेल्या नसतात. मुलग्यांनाही पाळी म्हणजे काय ते सांगा, म्हणजे चिडवणं थांबतं.

कॅमेरा वापरणारी ॲप्स सुरक्षित आहेत का?

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सांगतो, की १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती हवी. फोटो, आवाज, नाव ही सगळी माहितीच आहे. म्हणून शाळेनं मुलांच्या नावानं खाती उघडू नयेत आणि चेहरे चित्रित करू नयेत. फ्रेममध्ये कोपरापासून पुढचे हात पुरेसे असतात.

फरक पडतोय की नाही, हे कसं ओळखायचं?

मुलांना विचारून नव्हे, ती "हो" म्हणणारच. साबण मोजा. दर सोमवारी सकाळी कोरडी वडी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवायची आणि आकडा पॅनेलवरच्या तक्त्यात मुलांनीच भरायचा. साबण किती ग्रॅम झिजला त्याचा आलेख दिसायला लागला की गणिताचा तासही होतो. एखाद्या आठवड्यात रेघ सपाट गेली तर "का बरं?" म्हणून मुलंच शोधायला लागतात. कधी नळ बिघडलेला असतो, कधी बदली शिक्षकांनी सुट्टी पाच मिनिटांनी कापलेली असते.

साबण ठेवला की दुसऱ्या दिवशी गायब. मग काय करायचं?

वडीचे दोन तुकडे करून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घाला आणि नळाला सुतळीनं बांधा. जाळीतून फेसही चांगला येतो. नाहीतर दीड लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा आणि बाटलीच्या झाकणाला भोक पाडून टांगून ठेवा. हात धुवायला ते पाणी चालतं आणि खर्च अगदी कमी येतो. त्या बाटलीवर "हे पिऊ नका" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि चित्रही काढा. बाटली भरायची आणि शाळा सुटताना आत आणून ठेवायची जबाबदारी शालेय मंत्रिमंडळातल्या आरोग्यमंत्र्यांकडे द्या. चौथीतली मुलंही हे काम मनापासून करतात.